आज कोण व्हायचं?

कॅन्सर वॉर्डातल्या खेळघराबाहेर बापाच्या पायाला भिंगरी लागली होती. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पुन्हा दारापर्यंत. हात मागे बांधलेले, मान खाली.

"अरे, बस की जरा. तुला बघून मलाच गरगरतंय," बायको वैतागली.

पण त्याचा जीव थाऱ्यावर कुठे होता! पाय ठणकतात म्हणून आठवडाभर पलंगावरून न उतरलेल्या लेकीला आत म्हणे बेडूक करणार, फुलपाखरू करणार. असल्या माकडचाळ्यांनी कुणाचं दुखणं हलकं होतं? काचेतून आत डोकावायचाही त्याला धीर होत नव्हता.

तेवढ्यात आत हशा पिकला. खेळ घेणारी ताई दार उघडून बाहेर आली.

"बेडूक नको म्हणाली, फुलपाखरूही नको. मग काचेबाहेर बघत बसली आणि आपली आपणच उठली. बघा तरी."

त्याने पाहिलं. डोक्यावर एक केस न उरलेली त्याची चिमुरडी भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. हात मागे बांधलेले, मान खाली, चेहऱ्यावर साऱ्या जगाची काळजी. तिच्या मागे तश्शीच पोरांची रांग.

बाप मटकन बाकावर बसला.

लगेच काचेवर टकटक झाली. लेक डोळे वटारून उभी होती.

"बाबा, बसलास काय? चाल ना! थांबलं की दुखतं."