फोन आपण करायचा नाही

"टाय सरळ कर," व्हर्ना म्हणाली. "नाक घासायला चाललोय, तरी दिसायला जज्जासारखा दिस."

एल्विन थ्रेलनं मुकाट्यानं टाय सरळ केला. सव्वीस वर्षांत त्यानं एकोणीस जज्ज, अकरा शेरीफ आणि गुत्तेवाले तर किती ते देवाला माहीत, एवढे पडद्यावर उभे केले होते. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चेहरा मात्र अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होता. नायक पाच वर्षांत शिळा होतो, जज्ज म्हातारा झाला की जास्तच शोभतो, असं व्हर्ना शेजारणींना ऐकवायची.

पण मार्चपासून फोन वाजला नव्हता. आता ऑक्टोबर लागला.

कारण तिला पक्कं ठाऊक होतं. हॉलिवूडमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असायचं, बोलायचं मात्र कुणी नाही. वॉशिंग्टनची समिती लाल लोक, म्हणजे कम्युनिस्ट, हुडकत होती. ज्याचं नाव यादीत गेलं त्याला 'तुला काढलं' असं कुणी तोंडावर सांगत नसे. फोन बंद पडायचा, बस. एल्विन पंधरा वर्षांपूर्वी लालांच्या एका सभेला गेला होता. एकदाच, तेही त्याचा दोस्त सॉल रिफकिन ओढून घेऊन गेला म्हणून, आणि तिथे सँडविच फुकट होते म्हणून.

माणसंही बदलली होती. किराणा दुकानात एक जुनी नटी एल्विनला बघून पांढरीफटक पडली आणि टोपली तिथेच टाकून पळाली. स्टुडिओवरून गाडी गेली तेव्हा फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं छातीवर क्रुसाची खूण केली.

"बघ," व्हर्ना म्हणाली, "जशा काही आपल्याला देवी आल्यात!"

सॉल तेवढा दर रविवारी यायचा. रेडिओसाठी विनोद लिहायचा आणि व्हर्नाच्या हातचं भाजलेलं मांस बोटं चाटत खायचा.

"अगं, तूच कर की स्टुडिओला फोन," तो म्हणायचा. "सरळ विचार, काय झालं म्हणून."

"मी? काम मागायला या घरातून कधी फोन गेला नाही, जाणार नाही. नटानं विचारलं की नट संपला. गरज त्यांना आहे, ते करतील."

"मग बसा ताठ मानेनं उपाशी," म्हणत सॉल आणखी दोन बटाटे वाढून घ्यायचा.

गेल्या आठवड्यात एल्विन तिला न्हाणीघरात सापडला. टबात, कपडे-बुटांसकट, बसलेला. टबात पाणी नव्हतं. "सेट लागेपर्यंत बसलोय," तो म्हणाला. त्या दिवशी व्हर्नानं मान वाकवायचं ठरवलं.

वाईन स्ट्रीटवर कॉवर्ट नावाचा माजी पोलीस नावं धुऊन द्यायचा. रीत एकच. एक नाव द्यायचं, आपलं सोडवून न्यायचं.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," एल्विन जिन्यातच म्हणाला.

"नको घेऊ. चल तर खरा."

बाहेरच्या टेबलावरची मुलगी त्याला बघून हरखली. "अय्या, तुम्ही हार्लन बिग्ज ना?"

असं कायमच व्हायचं. तेच टक्कल, तीच अर्धी मिटलेली पापणी, तसलीच कामं. दोघांना एकमेकांची पत्रं यायची.

"बिग्ज मार्चमध्येच वारले, पोरी," व्हर्ना फणकारली. "हे थ्रेल."

कॉवर्टनं मान वर केली नाही. आपण सिनेमे बघत नाही, कागद बघतो, असं त्यानंच सांगून टाकलं.

"सभेला कोणी नेलं होतं?"

एल्विननं टाय चाचपला. पडद्यावर धडाधड फाशी सुनावणारा माणूस, इथे हळूच म्हणाला,

"आठवत नाही."

"मग मलाही तुम्ही आठवणार नाही." कॉवर्टनं पेनाला टोपण लावलं.

"सॉल रिफकिन," व्हर्ना म्हणाली. "रेडिओवर लिहितो."

"व्हर्ना!"

"गप्प बस तू. त्याला बायको नाही, पोरं नाहीत. तो उद्या मोजेही विकेल. तुला दुसरं काय येतं?"

एल्विननं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सही केली. ती सही करताना तो खराखुरा म्हातारा दिसला.

कॉवर्टनं तिथल्या तिथे रेडिओ कंपनीला फोन लावला. "रिफकिन. एस फॉर सॉल. हो, आजच काढा." एवढंच. सिगारेट पेटवायला जास्त वेळ लागतो.

मग त्यानं जाडजूड यादी ओढली आणि बोट खाली सरकवत नेलं. एकदा नेलं, पुन्हा नेलं.

"थ्रेल," तो पुटपुटला. "इथे नाही तुमचं नाव. कधीच नव्हतं असं दिसतंय."

"नीट बघा," व्हर्ना म्हणाली. "असणारच."

"स्टुडिओलाच विचारतो." त्यानं मिस क्विस्टला फोन लावला. वीस वर्षं एल्विनला कामाला बोलावणारी ती बाई. "हं, मिस क्विस्ट, एल्विन थ्रेलबद्दल विचारायचं होतं. तुम्ही त्यांना बोलवायचं का थांबवलंत?"

क्विस्टबाईंचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. टेबलाच्या अलीकडेही शब्दन् शब्द ऐकू आला.

"अहो साहेब, मेलेल्या माणसाला कसं बोलावू? मार्चमध्ये पेपरात मरणाच्या बातमीवर त्यांचा फोटो नव्हता का आला? माझ्या हातानं नटांच्या पेटीतून कार्ड काढलं मी त्यांचं, डोळे पुसत. आणि जिवंत असते, तर घरून एकदा तरी फोन आला नसता का?"