ओढ्याकाठचा वाळा

सुगंधानं तळ्याचं पाणी यंत्रात ओतलं. प्रत्येकाच्या खतात कारखान्यातच वेगळी खूण मिसळलेली असे. त्यामुळे कोणाच्या खतानं तळं हिरवं होतंय, मासे मरतायत, ते यंत्र नावानिशी सांगे.

"महादू डोईफोडे," यंत्र म्हणालं.

ते तिचे वडील; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेत पडीक होतं. पण हयातभर त्यांनी सरीला मूठभर खत जास्तच टाकलं होतं, आणि माती ते अजून ओढ्यातून तळ्यात सोडत होती. आईनं हे नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. ते ऐकायला मात्र ती दर सोमवारी डबा घेऊन काठावर येई.

"त्यांच्या खताचे किती कण आलेत आज?" आईनं विचारलं.

"वाढलेत. खत अडावं म्हणून ओढ्याकाठी मी वाळ्याचं गवत लावलंय. कमी व्हायला हवे होते."

आईनं भाकरी पुढे केली. तिच्या नखांत ओली माती होती आणि हातांना वाळ्याच्या मुळांचा वास येत होता.

सुगंधा त्या हातांकडे बघत राहिली.

"वाळा उद्या परत लावते," ती म्हणाली. मग तिनं बाटली पुन्हा तळ्यात बुडवली. "आज आणखी एकदा ऐकू."