चाक धरायला माणूस

पाना फिरवला की फ्लायव्हीलचं दातेरी चाकही सोबत फिरत होतं. बोल्ट काही सुटेना. गाडीखाली उताणा पडलेला झिवादिन हात थांबवून तसाच पडून राहिला.

दात्यांत अडकवायची लोखंडी पट्टी त्यानं पूर्वीच घडवून भिंतीवर टांगली होती. ती लावली की चाक जागचं हलत नाही. क्लच बदलायला दुसरा माणूस लागत नाही. पण बायको रुझा वारल्यापासून या अंगणात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून तो हल्ली रेडिओवर डुकरांचे बाजारभावसुद्धा ऐकत बसायचा. तो उठला आणि कुंपणापाशी गेला.

"टिहोमिर, जरा हात लाव रे. चाक धरायला कुणी नाही."

बांधावरच्या आलुबुखाराच्या झाडाच्या वादावरून शेजारचा टिहोमिर या घराशी कित्येक वर्षं बोलत नव्हता. पण कामाला हाक आली की भांडण घरी ठेवून जायचं, ही गावची रीत. तो आला. गाडीखाली सरकला आणि जाडजूड स्क्रूड्रायव्हर दात्यांत खुपसून धरला.

"घट्ट धरलंस ना?"

"धरलंय. बोल्ट फिरव, तोंड नको."

झिवादिन एकेक बोल्ट सावकाश सोडवत गेला. मध्येच त्यानं गुडघ्याचं विचारलं, यंदा दारू किती गाळली तेही विचारलं. उत्तरं तुटक यायची, पण यायची. त्याला फार बरं वाटत होतं.

शेवटच्या बोल्टाला टिहोमिरची नजर भिंतीवर गेली. जन्मभर त्यानं आपला ट्रॅक्टर एकट्यानं उघडला होता, एकट्यानं जोडला होता. ती पट्टी कशाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. झिवादिनचा पाना थांबला. आता हा उठून जाणार, आणि पुन्हा कधी यायचा नाही.

"चाक हललं का?" टिहोमिरनं विचारलं.

"नाही."

"मग थांबलास कशाला?"

काम झाल्यावर झिवादिननं दारूचे दोन पेले भरले. टिहोमिरनं आधी रुझाच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सांडले, मग उरलेली एका घोटात संपवली. हात पुसत तो फाटकापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला.

"सोमवारी ट्रॅक्टर उघडतोय," मागं न बघता तो म्हणाला. "एकट्याला जमायचं नाही."