चाळीस टक्क्यांच्या आत

"पास झाली ना?" आईने विचारलं.

अपंगत्व तपासणी शिबिरातले साहेब रंगांच्या पत्त्यांची गड्डी खाली ठेवत हसले. "सगळे रंग ओळखले की! पण अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या आत भरतंय. आता शाळेत विशेष शिक्षिका मिळणार नाही."

आईला काही कळेना. त्या बाई यायला लागल्या तेव्हा कुठे कस्तुरी वर्गात टिकली होती. आणि परीक्षा म्हटल्यावर लेकराची तयारी करून घ्यायचीच असते ना? गेल्या शिबिरात ज्या क्रमाने विचारले होते, त्याच क्रमाने आठवडाभर चुलीपुढे बसवून तिने रंग घोकून घेतले होते.

"म्हणजे, हुशार ठरली म्हणून बाई बंद?"

"नियम आहे, ताई. पुढचा!"

बाहेर कस्तुरीने आईची हिरवी बांगडी धरली. "लाल," ती म्हणाली. मग त्याच बांगडीला "हिरवा," आणि त्याच बांगडीला "पिवळा."

आई लेकीला ओढत परत आत शिरली. "साहेब, हिला नुसता क्रम पाठ आहे! उलटं विचारा!"

"पोरीचं चांगलं झालं तर रडता काय?" साहेबांनी वैतागून तीच रंगांची गड्डी उचलली आणि वरूनच सुरुवात केली.

"लाल, हिरवा, पिवळा!" कस्तुरी घडाघडा बोलली आणि शाबासकीसाठी आईकडे बघत राहिली.