ठमीचा बांगडा

ठमी मांजरीच्या गळ्याखालच्या गाठी सुजल्या आणि तिनं खाणंच सोडलं. "औषधानं सूज उतरेल, पण पोटात काहीतरी जायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. मंदाकिनीनं बांगड्याचे काटे काढून तो मऊ कुस्करला, आर्जवं केली. ठमीनं तोंड फिरवलं.

शेवटी ठमीला आणि बांगड्याची बशी घेऊन ती शेजारच्या हेमलताकाकूंकडे गेली. ठमी मासे पळवते म्हणून काकूंनी बोलणं टाकलं होतं.

"काकू, हिला चोरलेलंच गोड लागतं. बशी तुमच्या ओट्यावर ठेवू?"

"केवढीशी झालीय गं!" म्हणत काकूंनी ठमीला खिडकीत बसवलं आणि मुद्दाम पाठ फिरवली.

थोड्या वेळानं लपलप ऐकू आलं. काकू वळल्या, तर बशी लख्ख!

"मेल्ये, चोरटे!" त्या आनंदानं ओरडल्या. "मंदा, उद्या हिला चोरायला काय ठेवू?"