कोमट पाण्याचा तांब्या

"थांबलीस का? वाच की पुढं," आत्या म्हणाल्या.

गच्चीवर ह्यांच्या श्राद्धाचं पान ठेवून आम्ही सासवासुना कावळ्याची वाट बघत बसलो होतो. माझ्या मांडीवर ह्यांच्या मेजरसाहेबांचं नवं पुस्तक होतं, लढाईच्या आठवणींचं. आत्यांना दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचत होते.

पान उलटलं आणि ह्यांचं नाव आलं. गोळी लागल्यावर हे पहाटेपर्यंत पाणी मागत होते. सगळ्यांच्या बाटल्यांतल्या पाण्याचा बर्फ झाला होता.

"गोळी लागली आणि जागीच गेले," मी वाचलं. आम्हाला तेव्हा हेच तर कळवलं होतं.

"बरं झालं बाई. हाल नाही झाले."

शवपेटीसोबत आलेला ह्यांचा जोडीदार तेव्हा आत्यांजवळ बराच वेळ बसला होता. काय बोलला, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

आत्यांनी चाचपडत पानाजवळचा तांब्या शोधला. दरवर्षी त्या तिथं कोमटच पाणी ठेवायला लावतात. मी ते म्हातारपणाचं खूळ समजत आले होते.

"निवलं गं हे," त्या म्हणाल्या. "परत कोमट करून आण. त्याला गार नको."