अकरा रिकाम्या खुर्च्या

"अकराजणी उठून गेल्या, शुभाताई. अकरा! यापेक्षा स्पष्ट मत आणखी काय हवं?" श्यामकांत पाटणकर म्हणाले.

मुलुंड पूर्वेच्या त्या वसाहतीतल्या चित्रपट मंडळाचे पाटणकर अध्यक्ष, शुभा चिटणीस. शनिवारची सभा एकाच प्रश्नावर अडली होती. गेल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला दाखवलेला सिनेमा उद्या पुन्हा दाखवायचा की नाही? सोमवारी रिळांची पेटी परत करायची होती.

सिनेमा चाळिशीतल्या एका बाईचा. नवरा, दोन मुलं, बावीस वर्षांचा संसार, आणि आपल्या शरीराला काय हवं हे तिला आत्ता कुठे कळतंय. मध्यावर ती न्हाऊन येते, आरशासमोर उभी राहून स्वतःला निरखते आणि खोलीला आतून कडी घालते. बाहेरून नवरा दार ठोठावतो.

नेमक्या त्याच वेळी पाटणकरांच्या पत्नी वनमालाबाई उठल्या. त्यांच्यामागून जुन्या इमारतींतल्या आणखी दहाजणी. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, तो शुभाच्या जिव्हारी लागला.

कारण सिनेमा तिने त्यांच्यासाठीच तर आणला होता. दारोदार फिरून सांगितलं होतं, एक रविवार टीव्हीवरचा सिनेमा सोडा, हा बघाच. रविवारी सकाळपासून ती हॉलमध्ये राबत होती. प्रोजेक्टरचा आवाज तपासताना पालिकेची गाडी भोंग्यावर काहीबाही ओरडत गेली, तेव्हा वैतागून तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. एवढं करून हे फळ!

त्यानंतर आठवडाभर ती जुन्या इमारतींकडे फिरकली नाही. स्वतः राहायची समोरच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. स्टेशनला जाताना मुद्दाम लांबचा रस्ता धरायची. कुठल्या तोंडाने विचारणार? पण शुक्रवारी रात्री तिने ठरवलं की सिनेमा असा मुकाट्याने परत जाऊ द्यायचा नाही.

"घाणेरडा नाहीये तो," ती आता म्हणाली. "खरा आहे."

"खरा असेल हो," बँकेत काम करणाऱ्या जयंती म्हणाल्या, "पण चारचौघांत कशाला? शेजारी सासरे बसलेले माझे! कुठे बघू कळेना."

एका प्राध्यापकांना मात्र सिनेमा फार आवडला होता. त्यांनी प्रकाशयोजनेवर पाच मिनिटं घेतली आणि मग म्हणाले, "आणि शेवटी तर ती बाई जेव्हा…"

"पुरे!" मागच्या रांगेतून वनमालाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की प्राध्यापक खालीच बसले.

"बघा," पाटणकर म्हणाले. "ऐकवतसुद्धा नाही त्यांना. अहो, रविवारी मी घरी पोचलो, तर ही स्वयंपाकघरात. चेहरा लाल, पदर ओलाचिंब. रडली होती ती! मी म्हटलं, उठलीस ते बरं केलंस. एक अक्षर बोलली नाही."

कोपऱ्यातून सहदेव परब उठले. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, सभेत कधी तोंड न उघडणारा.

"माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "तिका काय आवडता, ता मी कधी इचारलंयच नाय. सिनेमा बघून ह्या कळला. दाखवा तो परत." आणि डोळे पुसत बसले.

शुभालाही भरून आलं. पण मतं निम्मी निम्मी होती आणि पाटणकरांची अकराजणींची तलवार डोक्यावर लटकत होती. ती उभी राहिली.

"ठीक आहे. त्या बायकांनीच नको म्हटलं, तर पेटी मी उद्या सकाळी परत नेते, आणि चिटणीसपदही सोडते. पण ते मला त्यांच्याकडून कळायला हवं. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं नाही."

"वा! मीही तेच म्हणतोय," पाटणकर खूश झाले. "कालच हिला सांगितलं होतं, अकराजणी मिळून काय ते लेखी द्या. वनमाला, आण गं."

वनमालाबाई पुढे आल्या आणि घडी घातलेला कागद शुभाच्या हातात देऊन जागेवर जाऊन बसल्या.

"मी वाचलेला नाही हं. बायकांच्या मतात मला लुडबुड करायची नाही," पाटणकर म्हणाले. "वाचा तुम्हीच. मोठ्याने."

खाली अकरा सह्या होत्या. पहिली वनमालाबाईंची. शुभाने घसा साफ केला आणि एकेक शब्द ठाम वाचायचा असं ठरवून सुरुवात केली.

"चिटणीसबाईंना नमस्कार. पाइपलाइनच्या कामामुळे आमच्या इमारतींना महिनाभर सकाळऐवजी संध्याकाळी साडेसहाला पाणी येतं, तेही वीसच मिनिटं. रविवारी पालिकेच्या गाडीवरून तसं सांगून गेले होते. म्हणून उठावं लागलं, राग नसावा. उद्याचा खेळ चार वाजता ठेवावा. आणि नवऱ्याने दार ठोठावल्यावर तिने कडी काढली की नाही, हे सभेत कुणीही बोलू नये. आम्हाला स्वतः बघायचं आहे."